आरशांची पिशवी

मल्लूआण्णा पहिल्यांदा ती पिशवी घेऊन माझ्या दुकानात आले, तेव्हा समोर दोन बायका ब्लाऊजची मापं द्यायला बसल्या होत्या. पिशवी नवीकोरी होती, पण लघवीची पिशवी ती लघवीचीच. पारदर्शक प्लॅस्टिक, वर आकड्यांच्या रेघा, खाली हिरवी तोटी. आण्णांनी ती माझ्या कटिंगच्या टेबलावर नीट पसरली आणि अख्ख्या कसबा बावड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शालन, हिला एक झंपर शीव."

एका बाईनं पदर तोंडाला लावला. दुसरी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागली.

"आण्णा, जरा हळू बोला की," मी म्हटलं.

"का? चोरून आणलीया व्हय? मेडिकलातनं इकत आणलीया." मग त्या बायकांकडं वळून म्हणाले, "काय पावणं, तुमच्या घरात कोन मुतत न्हाय का?"

बायका उठून गेल्या. एक परत आली, दुसरी आलीच नाही. तिचा ब्लाऊज आजतागायत दुसरीकडं शिवला जातो. मी आण्णांवर भडकले. पण ते खुर्ची ओढून बसले होते आणि त्यांचं सगळं लक्ष कापडाच्या गठ्ठ्याकडं होतं.

"पाडव्याला चंद्राची झूल तूच शिवालाईस न्हवं? त्यातलंच लाल कापड घे. आरसं बी तसलंच लाव. म्हस नटणार आन् मालक उघडं प्लॅस्टिक लोंबकळत फिरणार? शोभतंय व्हय ते?"

"शिवतो की," मी म्हटलं. कोल्हापूरच्या बायका 'शिवते' म्हणत नाहीत, 'शिवतो' म्हणतात, आणि चिडल्या असल्या तरी शिवतात.

चंद्रा म्हणजे त्यांची लाडकी म्हैस. आण्णा लिंगायत गवळी. आमच्या घरामागं त्यांचा गोठा, म्हणजे लहानपणापासून माझी सकाळ त्यांच्या हाळीनंच उजाडायची. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरांच्या माळा घालायच्या, पाठीवर झूल टाकायची आणि सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलमागं म्हैस पळवायची. ज्याची म्हैस मालकाच्या गाडीमागं इमानानं पळते त्याची वर्षभर मान ताठ. आण्णांची मान कायमच ताठ असायची. उंचपुरा माणूस, पांढरं धोतर, कपाळाला भस्माच्या तीन रेघा, आणि आवाज असा की त्यांनी गोठ्यात शिंक दिली तर माझ्या मशीनची सुई थांबायची.

मी तो झंपर शिवला. आत मांजरपाटाचं अस्तर घातलं, रोज धुवायला बरं म्हणून. खाली तोटी बाहेर यायला मोठं काज ठेवलं. आतलं किती भरलंय ते दिसायला हवं म्हणून बाजूला उभी फट ठेवून तिला पट्टी मारली. वर कमरेच्या पट्ट्याला अडकवायला लांब बंद दिले, म्हणजे पिशवी गुडघ्याशी लोंबेल, वर चढणार नाही. बाहेरून झुलीचं लाल कापड आणि आरसे. आण्णांनी ती पिशवी उन्हात धरली, भिंतीवर कवडसे नाचवले आणि लहान पोरासारखे हसले.

"नाद खुळा," ते म्हणाले. "आता ही बघायला तरी लोक माझ्याकडं येतील."

लोक आलेच. त्या पाडव्याला डॉक्टरांनी मोटारसायकलवर बसायला बंदी घातली होती. मुलगा गाडी काढायला निघाला तर आण्णांनी त्यालाही थांबवलं. स्वतः रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले, कमरेला लाल आरशांची पिशवी, आणि तिथून एक हाळी दिली. चंद्रा गर्दीतून घुंगरं वाजवत थेट त्यांच्याकडं पळत आली. गाडी नाही, फटफट नाही, नुसती हाळी. माणसं शिट्ट्या मारत होती. कुणीतरी ओरडलं, "आण्णा, म्हशीला आन् तुमाला एकच ड्रेस!" आण्णा म्हणाले, "एकाच टेलरकडं शिवलाय." माझ्या दुकानाला त्याच्यापेक्षा मोठी जाहिरात कधी मिळाली नाही.

पण हे आण्णा मुळापासून असे नव्हते. म्हणजे आवाजाचे होते, पिशवीच्या बाबतीत नव्हते.

त्याआधी ते वैरणीच्या गंजीवरून पडले होते. कण्याला मार बसला. पाय हळूहळू चालायला लागले, पण लघवी काही आपली आपण होईना. डॉक्टरांनी सांगितलं, नळी आता कायमची. कॅथेटर. दर काही आठवड्यांनी सिस्टर घरी येऊन ती बदलणार आणि बाकी दिवस आण्णांनी तिच्यासह जगायचं. हे ऐकून घरी आलेला माणूस गोठ्याच्या तोंडाशी जाऊन बसला आणि बोलायचा थांबला. आमच्या गल्लीला त्या शांततेनं झोप येईना.

सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी पूजा सोडली. आण्णांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असायचं. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म, बेल वाहायचा, आणि मगच तोंडात पाणी. आता ते डबीला हातच लावेनात. अंगाला मूत बांधून देवाला हात कसा लावायचा, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. त्यांच्या बायकोनं, गौराक्कांनी, काही दिवस बघितलं. मग एका सकाळी चुलीपुढून उठल्या आणि आमच्या परसात ऐकू येईल असं सुनावलं.

"खुळं का काय तुमी? सगळ्यांच्याच पोटात आस्तंय की ते! मठातलं स्वामी पूजेला बसत्यात तवा त्येंच्या पोटात काय गुलाबपाणी आस्तंय? तुमचं जरा भाईर हाय, एवढंच."

आण्णा हसायला लागले. इतके हसले की गौराक्का घाबरल्या. त्या दिवशी त्यांनी पूजा केली, आणि पुढं हे वाक्य त्यांनी भेटेल त्याला ऐकवलं. रिक्षावाल्याला, बँकेतल्या बाईला, नळी बदलायला आलेल्या सिस्टरला. प्रत्येक वेळी सांगायचे की हे माझं न्हवं, आमच्या मालकिणीचं हाय.

सिस्टरशी त्यांचं फार जमायचं, म्हणजे दर खेपेला भांडण. एकदा नळीच्या तोंडाशी त्यांना चुरचुरायला लागलं. आण्णांनी काय करावं? गोठ्यात म्हशीच्या सडांना लावायचं मलम होतं, सडं फुटू नयेत म्हणून धार काढल्यावर लावतात ते. ते घेतलं आणि लावलं. दोन दिवसांत आग आग. सिस्टर आली, बघितलं, आणि मलमाचा डबा बघून तिचा आवाज आण्णांच्याही वर गेला.

"म्हशीचं मलम? तुमाला काय शेपूट हाय का?"

"म्हशीला चालतंय ते मला न चालायला काय झालं? माझी चामडी काय तिच्यापेक्षा मऊ हाय?" आण्णा म्हणाले.

मग सिस्टरनं त्यांना झापझाप झापलं. जागा रोज साबण-पाण्यानं धुवायची, कोरडी ठेवायची, तिनं सांगितल्याशिवाय मलम, पावडर, झाडपाला काही लावायचं नाही. गोठ्यातून आलात की आधी आंघोळ, मगच पिशवीला हात. "धार काढायच्या आधी हात धुता न्हवं? मग हितं का न्हाय?" असं तिनं विचारल्यावर आण्णांना ते एकदम पटलं. गवळ्याला गवळ्याच्या भाषेत सांगितलं की पटतं. त्यानंतर आण्णा इतके हात धुवायचे की गौराक्का साबणाच्या नावानं बोटं मोडायच्या.

आणि एक खोड त्यांची स्वतःची होती. कुठंही बसायच्या आधी ते उतार बघायचे. गोठा बांधताना फरशीला उतार ठेवावा लागतो, नाहीतर सगळं तुंबतं आणि म्हशी आजारी पडतात. तेच त्यांनी अंगाला लावलं. लग्नात गेले तर खुर्चीवर बसण्यापूर्वी नळी कुठं मुडपली का, पिशवी पोटाच्या खाली आहे का, हे चाचपायचे आणि मोठ्यानं स्वतःलाच विचारायचे, "उतार हाय का, मल्लाप्पा? हाय. बस." नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता पडत असताना हे ऐकू यायचं.

आता आमच्या आबांचं सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय आण्णांचं मोल कळायचं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. प्राथमिक शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. माझं लग्न मोडल्यापासून घरात आम्ही दोघंच. आबांचा पांढरा शर्ट रोज इस्त्रीचा, बोलणं पुस्तकातलं, आणि कुणी 'न्हाय' म्हटलं की ते 'नाही' म्हणून दुरुस्त करायचे. आण्णा त्यांचेच विद्यार्थी. चौथीत असताना शाळा सोडून म्हशींमागं गेले, त्याचा राग आबांनी इतकी वर्षं जपून ठेवला होता. आण्णा मात्र वाटेत दिसले की वाकून पाया पडायचे. आबा एक पाऊल मागं सरकायचे, शेणाचा वास येतो म्हणून.

गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला आबांची लघवी अडली. प्रोस्टेट वाढलेलं, हृदय अशक्त, ऑपरेशनचा धोका नको म्हणाले डॉक्टर. आबांनाही नळी बसली. घरी आल्यावर ते मागच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. वाचनालय बंद, फिरणं बंद, कुणी भेटायला आलं की झोपेचं सोंग. मी पिशवी रिकामी करायला गेले की ते डोळे मिटून भिंतीकडं तोंड करायचे. मला वाटायचं, होईल सवय. मी रोज सकाळी तांब्याभर पाणी खिडकीत ठेवायचे, दुपारी बघायचे तर तांब्या रिकामा. पाणी तरी पितात म्हणून मी निर्धास्त होते.

आण्णा रोज दूध घालायला यायचे आणि आबांच्या दाराबाहेर पायरीवर बसायचे. दार बंद. तरी यांचं बोलणं चालू. आज चंद्रानं किती दूध दिलं, शाहूपुरीत पेंढीचा भाव काय, कुणाचा पोरगा पुण्याला गेला. आतून फार तर एखादं खाकरणं. "आण्णा, दाराशी काय बोलता?" मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "चौथीत मी वर्गाबाहेर उभा राहायचो तवा गुरुजी आतनं शिकवायचे. मला सगळं ऐकू यायचं. त्येस्नी बी येतंय."

मे महिन्यात एका सकाळी मी दुकानात होते. आण्णांची हाळी आली, म्हैस बोलवायची नव्हे, वेगळीच. मी चपला न घालताच पळाले.

आत आबा कुडकुडत होते. बाहेर ऊन रणरणत होतं आणि यांचे दात वाजत होते. आण्णा सांगत होते की आज आतून नेहमीचं खाकरणंही ऐकू आलं नाही म्हणून दार ढकललं. आबांनी रात्री पिशवी खिडकीच्या गजाला वर बांधली होती, पडद्यामागं, कुणाला दिसू नये म्हणून. नळी वर चढलेली, मध्ये मुडपलेली, पिशवीत काळपट थेंबभर. ओटीपोट दगडासारखं. आण्णांनी पिशवी खाली घेतली, नळी सरळ केली, तरी काही उतरेना.

"सिस्टरला फोन लाव," त्यांनी सांगितलं. सिस्टर म्हणाली, कुणी नळीशी खेळू नका, थेट दवाखान्यात न्या. रिक्षात मी आबांना धरून बसले होते आणि समोर आण्णा, एका हातात स्वतःची लाल आरशांची पिशवी, दुसऱ्या हातात आबांची, दोन्ही सीटच्या खाली धरून. खड्डा आला की म्हणायचे, "सावकाश की मर्दा, दोन हेडमास्तर हाईत गाडीत." मी रडत होते आणि मला हसू येत होतं.

डॉक्टरांनी नळी बदलली, सलाईन लावलं, आणि मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं. जंतुसंसर्ग वर किडनीकडं निघाला होता. आणखी उशीर झाला असता तर हाती लागले नसते. पुन्हा असं झालं तर या वयात, या हृदयावर, सांगता येत नाही. "पाणी किती पितात?" त्यांनी विचारलं.

"तांबेच्या तांबे पितात," मी म्हटलं.

पीत नव्हते. घरी जाऊन बघितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खिडकीखालची जास्वंद. मेच्या उन्हात गल्लीतली सगळी झाडं करपली होती आणि आमची जास्वंद फुलांनी लगडली होती. आबा रोज तांब्या तिच्या बुडात ओतत होते. मीच चार जणींना कौतुकानं सांगितलं होतं, बघा आमची जास्वंद कशी आलीय.

आबा दवाखान्यातून आल्यावर मी तांब्या त्यांच्यापुढं आपटला. "का? मला फक्त सांगा, का?"

आबा भिंतीकडं बघत म्हणाले, "प्यायलो की भरते. भरली की तू ओततेस. लेकीनं बापाची पिशवी ओतायची, हे बघण्यापेक्षा नाही प्यायलेलं बरं."

मला काय झालं कोण जाणे. वाईट वाटलं, राग आला, दोन्ही एकदम. म्हणजे माझ्या हातानं पिशवी रिकामी होऊ नये म्हणून हा माणूस मरायला निघाला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी उगाच घासत बसले. पायरीवर आण्णा होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते उठले, न विचारता आत गेले आणि आबांच्या कॉटसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. बसण्यापूर्वी उतार बघितला.

"तिनं वतू न्हाय म्हंता? बरं. मग तुमी वता."

"मी?"

"हात हाईत न्हवं? माझ्याकडनं बाराखडी त्याच हातानं गिरवून घेतलीया तुमी. आज मी शिकवतो, तुमी गिरवा."

आबा म्हणाले, "मल्लाप्पा, मला हे पाहवत नाही. किळस येते. माणसात बसायच्या लायकीचा राहिलो नाही मी."

तेव्हा आण्णांनी गौराक्कांचं वाक्य सांगितलं. स्वामींचं पोट, गुलाबपाणी, सगळं. तुमचं जरा भाईर हाय, एवढंच. मी दारात उभी. आता हे चिडणार, 'बाहेर' म्हण म्हणून दुरुस्त करणार, असं मला वाटलं. आबांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते. शिमग्यानंतर पहिल्यांदा.

"गुलाबपाणी," ते म्हणाले आणि पुन्हा हसले.

मग शिकवणी लागली. हेडमास्तर विद्यार्थी आणि चौथी नापास मास्तर. आधी साबणानं हात, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मग भांडं खाली. तोटी उघडायची, पण ती भांड्याला टेकवायची नाही. निम्म्याच्या वर भरेपर्यंत थांबायचं नाही. नळीचा जोड उघडायचा नाही, नळी ओढायची नाही, अडली तर सिस्टर नाहीतर दवाखाना, स्वतःची हुशारी नाही. "मी म्हशीचं मलम लावून बघितलंय, तुमी नगा बघू," असं आण्णांनी इमानदारीनं सांगितलं. पहिल्या दिवशी आबांकडून थोडं सांडलं. मी पुढं झाले तर आण्णांनी मला डोळ्यांनीच थांबवलं. फडकं आबांनीच घेतलं आणि आबांनीच पुसलं.

पाण्याची तऱ्हा वेगळी. आण्णा स्वतःचा तांब्या घेऊन यायचे. समोरासमोर बसून दोघांनी प्यायचं. आबा थांबले की आण्णाही थांबायचे. "मास्तर पीत न्हाय तर पोरानं का प्यावं? माझी नळी तुंबली तर तुमच्या डोस्क्यावर." हा शुद्ध दमबाजीचा प्रकार होता. पण आबांनी आयुष्यभर पोरांना आधी स्वतः करून मग करायला लावलं होतं. ते प्यायचे. जास्वंद पुढं जरा सुकली, आणि मला तिचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

पावसाळ्यात आबा आधी अंगणात आले, मग फाटकाशी, मग चक्क गोठ्यापर्यंत. शेणाचा वास आता त्यांना येत नव्हता बहुतेक. एका दुपारी ते माझ्या दुकानाच्या दारात उभे राहिले. आत गिऱ्हाईक नाही याची खात्री केली आणि म्हणाले, "शालन, मलाही एक शिवून दे."

"झंपर?" मी विचारलं.

"पिशवी. पांढरी. साधी. इस्त्री करता येईल अशी. आरसे नकोत."

मी मान खाली घालून माप घ्यायला लागले, कारण डोळ्यांतलं त्यांना दिसायला नको होतं. पांढऱ्या पॉपलीनची शिवली, त्यांच्या शर्टाच्याच ताग्यातली. खरोखर रोज इस्त्री करायचे तिला.

पाडवा आला. आण्णा थकले होते, छातीत धाप लागायची, म्हणून रस्त्याच्या कडेला त्यांच्यासाठी खुर्ची टाकली होती. शेजारी आबा उभे, पांढरा शर्ट, पांढरी पिशवी. आण्णांची लाल आरशांची पिशवी उन्हात चमकत होती. म्हशी निघाल्या. मोटारसायकलींचा कानठळ्या बसवणारा आवाज, धूर, घुंगरं, गुलाल. चंद्रा समोरून आली तेव्हा आण्णा हाळी द्यायला खुर्चीतून उठले, आवाज फुटेना, आणि परत बसताना त्यांचा चेहरा आवळला. हात ओटीपोटाशी गेला. उतार बघायचा राहून गेला होता. नळी खुर्चीच्या दांडीत अडकून मुडपली होती.

मी पलीकडच्या बाजूला होते. मध्ये म्हशी, मला जाता येईना. मी बघत राहिले.

आबांनी समोरच्या माणसाकडून पाण्याची बाटली मागून घेतली, हात धुतले, खिशातल्या रुमालाला पुसले. आणि मग भर गर्दीत, अख्ख्या बावड्यासमोर, आमचे हेडमास्तर जमिनीवर गुडघे टेकून बसले. पँटला माती लागली. त्यांनी आण्णांचं धोतर जरा सावरलं, नळी दांडीतून सोडवली, सरळ केली, पिशवी खाली धरली आणि फटीतून बघत थांबले. उतरतंय का. उतरलं.

आण्णांच्या चेहऱ्यावर रंग आला तसा आवाजही आला. "बघा रं बघा! गुरुजी इद्यार्थ्याच्या पाया पडालंत!"

"गप बस, मल्लाप्पा," आबा खालून म्हणाले. "हलू नकोस. मला उतार शिकवलास आणि स्वतः विसरलास. चौथीतही हेच करायचास."

लोक हसले, आण्णा सगळ्यांत मोठ्यानं. चंद्रा रस्त्याच्या मध्येच थांबली होती, हाळी न देताच त्यांच्याकडं वळली आणि आबांच्या पाठीला नाक लावून उभी राहिली. आबा मागं सरकले नाहीत. आण्णा मला आठवतात ते तसेच, खुर्चीत, हसून डोळ्यांतून पाणी येत असलेले, आणि त्यांचा हात आबांच्या डोक्यावर. आशीर्वाद देत होते का तोल सावरत होते, मला सांगता येणार नाही.

थंडीत आण्णा गेले. सकाळी पूजेला बसले आणि बसल्या जागीच मान कलली. त्रास झाला नाही. सिस्टरनं येऊन नळी काढली. ती भांडखोर बाई नळी हातात घेऊन कितीतरी वेळ रडत बसली होती. लिंगायतांत माणसाला बसवूनच माती देतात. तसं बसवलं आणि गौराक्कांनी त्यांच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. आबा काठावर उभे होते, इस्त्रीच्या पांढऱ्या पिशवीसह, माणसांच्या मधोमध. उन्हाळ्यात खोलीचं दार न उघडणारा माझा बाप. तो मला परत मिळाला तो त्या माणसामुळं, हे मी तिथंच गौराक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्येस्नी बी गुरुजी परत मिळालं की."

परवा पाडव्याच्या झुली शिवायला आल्या. आण्णांच्या मुलानं चंद्रासाठी लाल कापड आणलं, आरसे आणले. मी दुकानात कापत बसले होते. आबा आले, टेबलापाशी थांबले, आरशांच्या पुडीत बोट घालून बराच वेळ चाळवत राहिले.

"काय पाहिजे, आबा?"

"काही नाही." मग त्यांनी कमरेची पांढरी पिशवी माझ्यासमोर धरली. "एखादा लावलास तर चालेल."

मी सुईत दोरा ओवला.